पिवळ्या चेंडूची जागा

आमच्या आळीत एक शब्द आहे. तो कुठल्या कोशात मिळणार नाही, आणि हिंगोलीतही आमची आळी सोडली तर कुणाला कळणार नाही. पत्त्यांत कुणी हळूच पान बदललं, भावानं शेताच्या धुऱ्याचा दगड वीतभर पुढं नेला, वाण्याचं बोट पारड्याला लागलं, की आमच्याकडं म्हणतात, ‘‘करूकी केली.’’ परवा माझी पणती सापशिडी खेळताना माझ्यावर ओरडली, ‘‘आबा, करूकी नको!’’ मी सोंगटी एक घर पुढं नेली होती हे खरं. चोरी तिनं बरोबर पकडली. शब्द मात्र चुकीचा वापरला.

करूकी हे एका खेळाचं नाव होतं. तो खेळ आळीला ज्या माणसानं शिकवला त्यानं जन्मात काही सरकवलं नाही, ना चेंडू ना शब्द. त्या नावाला हा वाईट अर्थ मी चिकटवला. एका संध्याकाळी, लोक हसतील एवढ्याच हिशेबानं. लोक हसले, आणि अजून हसतात. माझं वय आता ब्याऐंशी आहे. त्या संध्याकाळचं आता मीच एकटा उरलो आहे, म्हणून मलाच लिहायला हवं.

त्यांना सगळे लानमामा म्हणत. हिंगोलीला पूर्वी गोऱ्या साहेबांची छावणी होती. मामा तिथं तरुणपणी माळी होते आणि साहेबांच्या बंगल्यापुढचं हिरवळीचं मैदान, म्हणजे लान, राखत. पुढं पलटण उठून गेली. जाताना एका मडमेनं मामांना एक लांबट पेटी दिली. तीत चार रंगांचे लाकडी चेंडू, लांब दांड्याच्या मोगऱ्या, सहा लोखंडी कमानी आणि एक रंगीत खुंटी. चेंडू जमिनीवर ठेवायचा, मोगरीनं टोला देऊन सहाही कमानींतून ओळीनं काढायचा, आणि शेवटी खुंटीला लावायचा. खेळ एवढाच. मडम त्याला काय म्हणत असेल देव जाणे, मामांच्या कानाला ते ‘करूकी’ ऐकू आलं होतं.

‘‘काय खेळून राहिले मामा?’’ परगावचा पाहुणा विचारायचा.

‘‘करूकी.’’

‘‘मंग करा की! आमी कुठं न्हाई म्हनलं?’’

हा विनोद मी पन्नास वेळा तरी ऐकला असेल. मामा एकदाही हसले नाहीत. ते पाहुण्याच्या हातात मोगरी द्यायचे.

मी पाहिले तेव्हा मामा साठीकडं झुकलेले होते. अंगानं काटकुळे, गुडघे मोठे. डोक्यावर साहेबाची उन्हाळी टोपी, तिचा माथा उंदरांनी खाल्लेला, आणि त्या भोकातून मामांची शेंडी सरळ वर आलेली. वर्षभर ते गोरेगावच्या बाजारापर्यंत पायी फिरून कलमं आणि भाजीची रोपं विकत. पण चैत्राची पुनव आली, की मारुतीच्या जन्माचा सुंठवडा तोंडात असतानाच मामा आळीमागच्या मोकळ्या जागेत कमानी ठोकायला लागत. तिथपासून आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, अठरा दिवस आमच्या आळीचा उन्हाळी जलसा. सकाळी पोरांची लगोरी आणि विटीदांडू, दुपारी बायकांचा डाव, ऊन उतरलं की पुरुषांची करूकी, आणि मध्ये कैरीच्या पन्ह्याची घागर. आखितीच्या दिवशी शेवटची मॅच. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना आमरसाचं जेवण घालायचं.

आता चैत्र-वैशाखात हिंगोलीत हिरवळ कुठून आणणार? मामांनी जमीन मुरूम आणि चिकणमाती घालून धुमसली होती, आणि रोज सकाळी मामी नि शेजारच्या बायका ती शेणानं सारवत. त्या सारवलेल्या अंगणालाच मामा लान म्हणत, आणि तिथं चप्पल घालून आलेल्या माणसाला, तो कुणीही असो, बाहेर काढत. चेंडू कमानीच्या रेषेत आहे का हे बघायला ते भर दुपारी पोटावर झोपत. एकदा पोलिसांच्या जमादारानं त्यांना असं पडलेलं पाहिलं आणि उन्हानं म्हातारा गेला असं समजून शिट्टी फुंकली. माणसं धावली. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा. मामा पडल्या पडल्या म्हणाले, ‘‘सरका तिकडं. चेंडूवर सावली पडून राहिली.’’

मडमेचे चार-दोन शब्द त्यांनी पेटीबरोबर जपले होते. टोला चांगला बसला की ‘‘येलपेल!’’ आणि हुकला की मान हलवून, अगदी दुःखानं, ‘‘ब्याडूक.’’ मूळ इंग्रजी ‘वेल प्लेड’ आणि ‘बॅड लक’, हे मला नोकरीत शिरल्यावर समजलं. तोवर आळीतल्या सगळ्या पोरांना वाटायचं, की नेम चुकणारा माणूस पुढच्या जन्मी बेडूक होतो.

दुपारचा बायकांचा डाव हा तर तमाशाच असायचा. छावणीत मडमा खेळायच्या, तेव्हा बायकांशिवाय लान नाही, हा मामांचा हट्ट. त्या काळात सासुरवाशिणींनी पुरुषांदेखत मोगरी उचलायची म्हणजे काय? मामांनी तोड काढली. दुपारी शिट्टी वाजली की आळीतल्या यच्चयावत पुरुषांनी घरात जायचं आणि दारं लावून घ्यायची. पंच म्हणून एकटे मामा उरत, आणि ते मैदानाकडं पाठ करून स्टुलावर बसत. नुसत्या आवाजावर निकाल देत.

‘‘काळ्यानं लालाला हानलं. कमान चुकली. ब्याडूक.’’

‘‘मामा, न्हाई चुकली!’’

‘‘सूनबाई, कमान वाजली आन् मंग चेंडू भायेर आला. म्या ऐकलं. पुन्यांदा खोटं बोललीस तर तुझ्या सासूला आवाज दीन.’’

दाराच्या फटीतून आम्ही सगळे बघत असू. मामांचा निकाल चुकलेला मी कधी पाहिला नाही.

त्यांच्या सगळ्या नियमांत एक नियम देवासारखा होता. चेंडू थांबला तिथं त्याचं घर. वाऱ्यानं हलला, पोरानं लाथाडला, तर तो परत त्याच जागी आला पाहिजे, बोटभरही इकडंतिकडं नाही. एकदा ऐन डावात कुणाची तरी गाभण शेळी आली आणि लाल चेंडूवर पोट टेकून बसली. लोक तिला हाकलायला धावले. मामा आडवे झाले. ‘‘उठवू नका. उठताना चेंडू ढकलंल. तिला वाटंल तवा उठंल ती.’’ दीड तास आम्ही चौदा जण एका शेळीकडं बघत बसलो. मामांनी तिच्यापुढं लिंबाचा पालासुद्धा टाकू दिला नाही, कारण पाला खायला ती वळली असती. शेवटी ती आपणहून उठली, चेंडू हलला नाही, आणि मामा तिला म्हणाले, ‘‘येलपेल.’’

या नियमापोटीच कड्याची पद्धत निघाली. पन्ह्यासाठी डाव थांबला, की मामी रांगोळीचा डबा घेऊन मैदानात उतरायची आणि प्रत्येक चेंडूभोवती चिमटीनं एक गोल कडं काढायची. सारवलेल्या जमिनीवर ती चार पांढरी कडी अशी उठून दिसत, की चेंडू म्हणजे पाटावर बसवलेले देव वाटावेत. पन्हं पिऊन परत येईपर्यंत चेंडू कड्यात असला म्हणजे झालं.

दुसरी लढाई संपत आली होती, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. मी बाविशीत होतो. तहसील कचेरीत उमेदवार नक्कलनवीस होतो, म्हणजे सरकारी कागदांच्या उर्दूत नकला करायच्या, आणि कायम होण्याची वाट बघायची. कायम करणं न करणं आमच्या पेशकारांच्या हातात होतं. पेशकार म्हणजे तहसीलदारांच्या खालोखालचा माणूस. हैदराबादेकडचे, उंच, अत्तर लावणारे, कधी आवाज न चढवणारे. त्यांना मामांच्या खेळाची गोडी लागली होती. दरवर्षी कचेरीवाले विरुद्ध आळीवाले अशी शेवटची मॅच व्हायची आणि त्यात पेशकारसाहेब बूट-मोजे काढून, पायजमा दोन बोटांनी उचलून उतरायचे. मी आळीचाही होतो आणि कचेरीचाही, म्हणून मला कुणीच खेळवत नसत. माझं अक्षर बरं, म्हणून कुणाच्या किती कमानी झाल्या ते मी पाटीवर लिहायचं.

त्याच आठवड्यात पेशकारांनी माझ्याकडून चौदा पानांची एक नक्कल पुन्हा लिहून घेतली होती. का, तर एका अक्षरावरचा नुक्ता, म्हणजे टिंब, शेजारच्या अक्षरावर गेला होता. ‘‘बेटा, नुक्ता अपनी जगह से हटा तो लफ्ज़ की जान गई,’’ असं म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात ठेवला होता. हसत. माझ्या डोक्यात ते हसू घर करून बसलं. हा माणूस या वर्षी हरला पाहिजे आणि त्यानं माझ्या आळीला जेवायला वाढलं पाहिजे, असं मला फार वाटत होतं.

आखितीच्या संध्याकाळी पन्ह्याची सुटी झाली तेव्हा डाव असा होता. पेशकारांच्या निळ्या चेंडूची एक कमान आणि खुंटी राहिली होती. मामांच्या पिवळ्याचंही तेवढंच राहिलं होतं, आणि टोला मामांचा होता. पण पिवळा वाईट जागी अडकला होता. कमानीच्या एका पायाच्या आड. सरळ मारला तर लोखंडावर आपटणार. लोक लिंबाखाली घागरीभोवती जमले. मामीनं कडी काढली, डबा तिथंच ठेवला आणि ती पेले विसळायला गेली. मैदानाच्या कडेला पाटी घेऊन मी एकटा.

मी पाटी पुसल्यासारखं करत मैदानात गेलो. धोतराचा सोगा सोडला आणि सोग्याआडून डाव्या पायाच्या अंगठ्यानं पिवळ्याला पुढं ढकललं. चार बोटं. कमानीसमोर मोकळा आला. जुनं कडं तळपायानं पुसलं, डब्यातली रांगोळी घेतली आणि नवं कडं काढलं. सगळं मिळून पन्नास आकडे मोजायला लागतात तेवढा वेळ लागला असेल. मला हसू आवरत नव्हतं.

सुटी संपली. मामा मोगरी घेऊन आले, टोपी मागं सारली, पोटावर झोपले. बराच वेळ झोपूनच राहिले. मला वाटलं, चेंडू मोकळा दिसतो म्हणून खूश झाले असतील. तेवढ्यात मामी ओरडली.

‘‘थांबा! ह्ये कडं माजं न्हाई.’’

‘‘काहून?’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘माजं चिमटीचं अस्तंया. ह्ये मुठीनं सोडल्यालं हाय. बगा की, एका अंगाला जाड, एका अंगाला बारीक. कुन्या बाप्यानं काढलंय ह्ये.’’

ती गप्प राहिली असती तर तिच्या नवऱ्यानं सरळ टोला मारून मॅच जिंकली असती. पण ती गप्प राहणारी नव्हती. दोघंही एकाच भट्टीत भाजलेले.

गलका झाला. कचेरीवाले म्हणाले, चेंडू मामांचा, फायदा मामांचा, मग सरकवला कुणी? आळीवाले म्हणाले, मामी खोटं बोलते का? पेशकारसाहेब तेवढं एकच वाक्य बोलले, ‘‘मामा, ये तो बराबर नहीं हुआ.’’ त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मामा उठले. छातीला शेण लागलेलं. रागावलेले दिसत नव्हते, गोंधळलेले दिसत होते. ते सगळ्यांकडं फिरत फिरत म्हणाले, ‘‘कुनी सरकवला ते मला नको. नाव घेऊ नका. कुठून सरकवला तेवढं सांगा. आपुन परत ठिवू आन् खेळू. एवढंच सांगा, कुठून?’’

एरवी पाळी आली की मामा लगेच पोटावर झोपून चेंडूची जागा डोळ्यांत भरून घ्यायचे, पण या वेळी पाळी आली तोच पन्ह्याची सुटी झाली होती. जुनं कडं माझ्या पायानं नीट पुसलेलं. चेंडू कमानीच्या पायाआड होता हे सगळ्यांनी पाहिलं होतं, पण बोटाबोटाची नेमकी जागा जगात एकाच माणसाला माहीत होती. आणि जागा सांगितली की माणूस कळणार होता. पेशकारांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. माझ्या हातावर रांगोळी होती. मी हात पाटीमागं घेतला.

कुणीतरी काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी बोललो.

‘‘अहो, हा खेळच करूकीचा! मामा म्हनले करू की, आन् केली!’’

सगळं मैदान हसलं. कचेरीवाले हसले, आमचे हसले, पेशकारांनीसुद्धा रुमाल तोंडाला लावला. हसून झाल्यावर भांडण राहत नाही. लोक पांगले. त्या रात्रीच्या जेवणाआधीच पोरं एकमेकांना म्हणू लागली होती, ‘‘करूकी करू नको बे.’’ मामा कमानीपाशी उभे होते. चेंडू कड्यातच होता. त्यांनी तो उचलला नाही.

महिन्याभरात मी कायम झालो.

लोक समजले, म्हातारा लाजेनं खेळ बंद करील. मामांनी उलटंच केलं. त्यांनी जाहीर केलं, की मॅच संपलेली नाही. ‘‘डाव चालू हाय. पिवळ्याची जागा सापडली का फुडं खेळू.’’ बाकीच्या तीन चेंडूंच्या जागा त्यांनी दोरीला गाठी मारून मोजून ठेवल्या होत्या. पुढच्या चैत्री पुनवेला त्यांनी कमानी ठोकल्या, तीन चेंडू मांडले आणि चौथा हातात घेऊन उभे राहिले. नवा डाव मांडायला साफ नकार. ‘‘एका पानावरचं उष्टं तसंच ठिवून दुसरं पान मांडत्यात का कुनी?’’ बायकांचा डाव गेला, पुरुषांचा गेला, आमरसाचं जेवण गेलं. आळीनं मामांना शिव्या दिल्या. हा सगळा जलसा एका चार बोटांच्या जागेवर अडला होता, आणि ती जागा मी रोज कचेरीत जाताना ओलांडत होतो.

मामांनी मग एक परीक्षा काढली. आळीतल्या सगळ्या बाप्यांनी यायचं आणि मामीसमोर रांगोळीचं एक कडं काढायचं. वाईट हातावरून चोर धरायचा. हे त्यांनी महिनाभर आधी सांगितलं, कारण अचानक बोलावणं त्यांना बरोबर वाटेना. तो महिनाभर मी आमच्या माळवदावर पहाटे उठून चिमटीनं कडी काढत होतो. आईनं पकडलं.

‘‘काहून रं, बायकांचे कामं करून राहिलास?’’

‘‘हात वळतो आई. अक्षर सुधारतं.’’

बिचारीला ते पटलं. एवढंच नाही, तिनं कौतुकानं विहिरीवर सगळ्या बायकांना सांगितलं. ते मला फार उशिरा कळलं.

परीक्षेच्या दिवशी तीस-पस्तीस मिशाळ पुरुष धोतरं खोचून उकिडवे बसले आहेत आणि रांगोळी सोडत आहेत, असं दृश्य हिंगोलीनं पूर्वी पाहिलं नसेल आणि नंतरही नाही. कुणाचं कडं पोळीसारखं, कुणाचं भाकरीच्या चतकोरासारखं. पाटलांच्या कड्याला तर तोंडच मिळेना. मामी तोंडाला पदर लावून हसत होती. माझी पाळी आली. मी चिमटी धरली आणि एका दमात असं गोल कडं काढलं, की दोन्ही टोकं कुठं जुळली ते दिसू नये. लोकांनी ‘वा’ म्हटलं. मी खूश.

मामा कड्यापाशी आले. पोटावर झोपले. डोळा जमिनीला लावून त्यांनी ते कडं चारी बाजूंनी बघितलं. मग टोपी काढली.

‘‘येलपेल,’’ ते म्हणाले. आणि अगदी हळू, माझ्यापुरतं, ‘‘किती दिस लागले शिकायला?’’

मी बोटांची रांगोळी धोतराला पुसली. ते उठले आणि त्यांनी मोठ्यानं सांगून टाकलं, ‘‘सगळे पास. चोर आपल्यात न्हाई.’’ त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं आणि शेवटचं खोटं.

दोन दिवसांनी कचेरीतून येताना ते मला विहिरीपाशी भेटले. बाजूला घेतलं. ‘‘पोरा, तुझी नवकरी पक्की झाली, मला म्हाईत हाय. पेशकारसाब भला मानूस हाय, पर ह्ये कळलं तर तुला ठिवनार न्हाई. म्या नाव घेत न्हाई. कुनालाच सांगत न्हाई. तू मला निस्ती जागा दाव. म्या म्हनंन, मला सपनात दिसली. लोक हसतील, हसू दे. त्यांना सवय हाय.’’

त्यांनी माझ्यासाठी वाट काढली होती. मला फक्त बोट दाखवायचं होतं. मैदान पन्नास पावलांवर होतं, कुणी बघत नव्हतं.

मी म्हणालो, ‘‘मला काय ठाऊक, मामा?’’

आजही मला कळत नाही, मी असं का म्हणालो. नोकरीची भीती नव्हती, मामांवर माझा विश्वास होता. मला वाटतं, चेंडू सरकवला हे कबूल करणं सोपं होतं. त्यानंतर जो विनोद मी केला तो कबूल करणं जड होतं. मामांनी माझ्याकडं बघितलं, मान हलवली. मी वाट बघत होतो, की ‘ब्याडूक’ म्हणतील. म्हणाले नाहीत. ‘‘बराबर,’’ एवढंच बोलून ते गेले.

पोलीस ॲक्शन झाली त्या साली उन्हाळ्यात मामा वारले. आखितीला तीन दिवस होते. त्या दिवशीही मैदान सारवलेलं होतं, तीन चेंडू मांडलेले होते. खांदा द्यायला मी होतो. मागं कुणीतरी पुटपुटलं, ‘‘करूकीवाला गेला.’’ मी ऐकलं आणि चालत राहिलो.

बाराव्यानंतर मामी आमच्या दारात आली. आत आली नाही. पदराखालून तिनं पिवळा चेंडू काढला आणि माझ्या हातात दिला.

‘‘ह्यो तुझ्यापाशी राहू दे. जागा सापडली का ठिव.’’

‘‘मामी,’’ मी म्हणालो.

‘‘मला काय सांगू नगंस. मला म्हाईत व्हतं. त्यांनी बोलू दिलं न्हाई.’’ ती वळली, मग थांबली. ‘‘नावाची तकलीफ न्हवती रं त्यांना. डाव अर्धा राह्यला, ह्याची व्हती.’’

मामी पुढं बरीच वर्षं जगली, रोज रस्त्यात भेटायची, माझ्या लेकरांना हातावर गूळ ठेवायची. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही. मी शिरस्तेदार होऊन निवृत्त झालो. चेंडू कपाटात, जुन्या फायलींच्या मागं.

या वर्षी आखितीला सकाळी मी तो बाहेर काढला. रंग बराच उडाला आहे. काठी घेतली आणि आळीमागं गेलो. मैदान आता निम्मं पाण्याच्या टाकीखाली गेलं आहे. उरलेल्या निम्म्यात एका मंडपवाल्याचं गोदाम आहे आणि पुढच्या अंगणात फरशी. पण मारुतीचा ओटा आहे, आणि विहिरीवर जाळी बसवली असली तरी मोटेचं पाणी जिथं पडायचं ते दगडी थारोळं तसंच आहे. ओट्याच्या कोपऱ्यापासून थारोळ्याकडं सरळ एकवीस पावलं. मी मनात दर आखितीला ती चाललो होतो. पण माझी पावलं आता वीतभराची झाली आहेत.

मंडपवाल्याचा पोरगा कनातीच्या घड्या घालत होता. त्याला म्हणालो, ‘‘बाळा, इथून त्या थारोळ्याकडं एकवीस पावलं टाक बरं.’’

‘‘काहून आबा? जमीन घ्यायची का काय?’’

‘‘टाक तर.’’

तो टाकत गेला आणि एका स्कूटरला धडकला. ‘‘गाडी काढू?’’

‘‘काढ.’’

त्यानं गाडी काढली आणि उरलेली पावलं टाकली. गोदामातली आणखी दोन माणसं बाहेर येऊन उभी राहिली. मी कसाबसा वाकलो आणि चेंडू फरशीवर ठेवला. फरशीला पाणी जायला उतार दिलेला. चेंडू घरंगळत निघाला, नालीकडं. पोरानं पुढं होऊन पायानं अडवला, उचलला आणि माझ्याकडं बघितलं.

‘‘कुठं व्हता, आबा?’’

माणसं ऐकत होती. ओट्यावर नारळ फोडायला आलेल्या दोन बायकाही थांबल्या होत्या. मी काठी फरशीवर टेकवली.

‘‘तुझ्या पायापाशी ठेव. अजून मागं. मी पुढं ढकलला होता, म्हणून मागं. अजून चार बोटं.’’

त्यानं बसून चार बोटं मोजली.

‘‘आता धरून ठेव,’’ मी म्हणालो. ‘‘हलू देऊ नको. इथं होता.’’